नदीकाठच्या वसाहतीतील स्वयंचलित शटल: प्रवासमागणीच्या अंदाजाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जर्मनीतील एका मध्यम आकाराच्या शहरातले आहे. शहराचे आणि संबंधित संस्थांचे नाव दिलेले नाही, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि अंतरे ढोबळ केली आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र कायम ठेवला आहे. प्रस्तुत लेखक मागणीचा अंदाज बांधणाऱ्या गटात होता.

नदीकाठच्या जुन्या मालधक्क्याची आणि गोदामांची जागा मोकळी झाल्यावर पालिकेने तेथे नवी वसाहत उभारायला घेतली. त्यात घरे, कार्यालये, एक तंत्रशिक्षण संस्था आणि मधोमध एक वैद्यकीय केंद्र असणार होते. जागा लांबट आणि चिंचोळी. एका टोकाला उपनगरी रेल्वेचे स्थानक, आणि तेथून दुसऱ्या टोकाच्या धक्क्यापर्यंत सुमारे २ किलोमीटर. आतून एकच मुख्य रस्ता जातो आणि त्यावर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. शहरबस वसाहतीच्या बाहेरच्या हमरस्त्यावरूनच पुढे निघून जात असे. विकासकांना दर घरामागे नेहमीपेक्षा कमी वाहनतळ बांधण्याची मुभा मिळाली होती, आणि रहिवाशांना स्वतःच्या गाडीवाचून राहता येईल अशी सोय करून देणे ही त्या सवलतीची अट होती. त्यामुळे स्थानक आणि वसाहत यांदरम्यान चालकाशिवाय धावणाऱ्या छोट्या वाहनाचा, म्हणजे शटलचा, प्रस्ताव केवळ नव्या तंत्राच्या हौसेपोटी आलेला नव्हता; घर घेणाऱ्यांना दिलेल्या वचनाचा तो भाग होता.

काळही अनुकूल होता. ठरवून दिलेल्या क्षेत्रात, दुरून देखरेख ठेवून, चालकाशिवाय वाहन चालवण्यास परवानगी देणारा कायदा जर्मनीत जुलै २०२१ मध्ये लागू झाला, आणि त्याच वर्षी प्रवासी वाहतुकीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मागणीनुसार धावणाऱ्या सामायिक सेवांना सार्वजनिक वाहतुकीचा एक प्रकार म्हणून स्थान मिळाले. स्वित्झर्लंडमधील सिऑन येथे २०१६ पासून, बव्हेरियातील बाड बिर्नबाख येथे २०१७ पासून आणि ऱ्हाइनकाठच्या मोनहाइम येथे २०२० पासून अशी छोटी वाहने सार्वजनिक रस्त्यांवर प्रवासी नेत होती. त्यांत साधारण डझनभर माणसे बसत, वेग फारच माफक असे, आणि आत एक सहायक असे.

प्रश्न

पालिकेला एक आकडा हवा होता. वसाहत पूर्ण भरल्यावर शटलने रोज किती लोक प्रवास करतील आणि त्यासाठी किती वाहने लागतील, हे अनुदानाच्या अर्जात लिहायचे होते. एक प्राथमिक अंदाज आधीच तयार होता. प्रदेशाच्या वाहतूक मॉडेलमधून वसाहतीत येणाऱ्या आणि तेथून जाणाऱ्या एकूण प्रवासांची संख्या घ्यायची आणि त्यातला ठरावीक हिस्सा शटलला मिळेल असे मानायचे, इतकी सोपी त्याची रीत होती. आकडा आकर्षक होता. हे प्रवासी शटल नसती तर कसे गेले असते, हा प्रश्न त्यात कोठेच विचारलेला नव्हता.

प्रदेशाचे मॉडेल नेहमीच्या चार पायऱ्यांचे होते. किती प्रवास निर्माण होतात, ते कोठून कोठे जातात, कोणत्या साधनाने होतात आणि कोणत्या मार्गावर उतरतात, हे त्यात एकापाठोपाठ काढले जाते. हमरस्ता रुंद करायचा किंवा रेल्वेची फेरी वाढवायची असेल तर ते मॉडेल उत्तम काम देते. आमच्या कामात मात्र त्याची मांडणीच आड येत होती. संपूर्ण वसाहत त्यात दोन झोनमध्ये, म्हणजे नकाशाच्या दोन तुकड्यांत, बसवलेली होती, आणि झोनमधला प्रत्येक माणूस त्या झोनच्या केंद्रबिंदूवर राहतो असे धरले जाते. त्यामुळे स्थानकाला लागून राहणारी व्यक्ती आणि पलीकडच्या धक्क्यावर राहणारी व्यक्ती यांच्या पायपिटीत मॉडेलच्या लेखी जवळपास फरक उरत नसे. झोनमध्येच सुरू होऊन तेथेच संपणारे प्रवास तर रस्त्यांच्या जाळ्यावर येतच नाहीत. शटल ज्या अंतरासाठी आणायची होती नेमके तेच अंतर या मॉडेलच्या चाळणीतून गळत होते.

कागदावरचा हिशेब

संगणकाकडे वळण्यापूर्वी आम्ही साधा हिशेब मांडला, आणि पुढच्या सगळ्या चर्चेची दिशा त्यानेच ठरली असे माझे मत आहे.

माणूस ताशी ५ किलोमीटरने चालतो असे धरले तर १ किलोमीटरला १२ मिनिटे लागतात. थांबे, वळणे आणि रस्ता ओलांडणारी माणसे धरून शटलचा प्रत्यक्ष वेग ताशी ९ किलोमीटर मानला, थांब्यापर्यंत चालायला २ मिनिटे धरली आणि दर १० मिनिटांनी फेरी असल्यास सरासरी ५ मिनिटे वाट पाहावी लागेल असे मानले, तर तेच १ किलोमीटर शटलने जायला जवळजवळ १४ मिनिटे लागतात. म्हणजे वसाहतीच्या मध्यापर्यंतच्या कोणालाही शटलने वेळ वाचत नाही. टोकाच्या धक्क्यावरून चालत २४ मिनिटे लागतात आणि शटलने सुमारे २०; बचत ४ मिनिटांची. फेरी दर ५ मिनिटांनी ठेवली तर टोकाला सुमारे ६ मिनिटे वाचतात आणि मध्यावर चालणे व शटल बरोबरीत येतात. शिवाय वाट पाहण्यातले मिनिट माणसाला गाडीत बसून घालवलेल्या मिनिटापेक्षा जड जाते. वाहतूक अभ्यासात त्याचे वजन साधारण दीड ते अडीच पट धरतात. ते धरले तर १० मिनिटांच्या फेरीचा उरलासुरला फायदाही जवळपास संपतो. सायकल हेच २ किलोमीटर ८ मिनिटांत कापते, आणि शहर सपाट आहे.

वाहनांचा हिशेब याच कागदावर झाला. जाऊन-येऊन ४ किलोमीटरला २७ मिनिटे आणि दोन्ही टोकांना मिळून ५ मिनिटे धरली तर एका वाहनाची फेरी ३२ मिनिटांची होते. दर १० मिनिटांसाठी ४ वाहने लागतात, दर ५ मिनिटांसाठी ७, आणि चार्जिंगला उभे असलेले वाहन त्यावर. बारा आसनांच्या वाहनांनी एका दिशेला तासाला पहिल्या पर्यायात ७२ आणि दुसऱ्यात १४४ आसने मिळतात.

ही १४४ आसने तासाच्या सरासरीत ठीक वाटतात, पण लोक स्थानकाबाहेर सरासरीने येत नाहीत. सकाळी रेल्वे दर १० मिनिटांनी येत होती आणि प्रत्येक गाडीमागून एकदम लोंढा उतरे. दर ५ मिनिटांची शटल धरली तरी एका गाडीमागे २४ आसने. कुर्ला स्थानकाबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या शेअर रिक्षांसाठी लागलेली रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको: तासाभरात रिक्षा पुरेशा असतात, लोकल आल्यानंतरच्या पाच मिनिटांत त्या पुरत नाहीत. रांगेतला पंचविसावा माणूस पुढच्या शटलची वाट पाहत नाही, चालायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी शटलचा विचारही करत नाही.

तपासलेले मार्ग

पुढे तीन वाटा होत्या. प्रदेशाच्या मॉडेलमध्ये वसाहतीचे झोन बारीक करून तेच वापरावे, ही पहिली. ती स्वस्त होती आणि पालिकेच्या ओळखीची होती, पण वाट पाहण्याचा वेळ त्यात बाहेरून ठरवून द्यावा लागे. मागणी वाढली की थांब्यावरची प्रतीक्षा वाढते, हा संबंध त्यात येत नव्हता. दुसरी वाट होती प्रत्येक व्यक्तीचा दिवसभराचा कार्यक्रम संगणकावर मांडणाऱ्या अनुकरणाची (सिम्युलेशनची). त्यासाठी बर्लिन आणि झ्युरिक येथील विद्यापीठांत वाढलेली मॅटसिम ही मुक्त प्रणाली उपलब्ध होती आणि मागणीनुसार धावणाऱ्या वाहनांचा भाग तिच्यात तयार होता. तिसरी वाट म्हणजे हाताने केलेला हिशेब आणि छोटे सर्वेक्षण यांवरच थांबणे.

दुसरी वाट निवडली गेली, पण एका अटीवर: अनुकरणातून आलेला कोणताही निष्कर्ष कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहायचा आणि दोहोंत तफावत असेल तर तिचे कारण सापडेपर्यंत तो पुढे पाठवायचा नाही. चर्चेत कोणीतरी लिस्बनचा दाखला दिला होता. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाच्या २०१५ च्या अभ्यासात सामायिक स्वयंचलित वाहने आणि मेट्रो मिळून दहापैकी नऊ मोटारी अनावश्यक ठरतात असे दिसले होते. तो अभ्यास मोलाचा आहे. पण त्यात शहरातले प्रवास आहेत तसे घेऊन ते सगळे सामायिक वाहनांवर घातले तर काय होईल हे पाहिले होते. लोक त्या वाहनात बसतील का, हा आमचा प्रश्न होता, आणि लिस्बनचा आकडा त्याचे उत्तर नव्हता.

साधननिवडीचा टप्पा

शटलला पर्यायांच्या यादीत कोठे बसवायचे, हा पहिला कळीचा निर्णय. प्रवासी कोणते साधन निवडेल याची शक्यता काढणाऱ्या लॉजिट मॉडेलमध्ये नवे साधन सरळ यादीत जोडले की ते बाकीच्या सर्व साधनांकडून त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात प्रवासी खेचते. मोटार आणि लाल बस यांच्यात निम्मी-निम्मी विभागणी असताना तशीच निळी बस आणली तर मॉडेल प्रत्येकाला एकतृतीयांश देते. प्रत्यक्षात मोटारीचा निम्मा वाटा जागेवर राहतो आणि बसचे प्रवासी दोन बसमध्ये वाटले जातात. या क्षेत्रात शिकणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण ठाऊक असते, तरीही प्राथमिक अंदाजाची रीत मुळात हीच होती, आणि मोटारीतून उतरून शटलमध्ये बसणाऱ्यांची संख्या त्यामुळेच मोठी दिसत होती. एकसारखी साधने आधी आपसांतच प्रवासी वाटून घेतील अशा रीतीने आम्ही शटलला शहरबसच्या गटात घातले आणि चालणे व सायकल यांचा वेगळा गट केला. मोटारीकडून येणारा वाटा लगेच आक्रसला. पर्यावरणाच्या लाभाचा जो परिच्छेद अर्जात सर्वांत ठळक होता तोच यामुळे दुबळा पडला, आणि बैठकीत सर्वाधिक वेळ या एका बदलावर गेला.

अशा वेळी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांच्या कामाचा उपयोग होतो. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात बार्ट रेल्वे सुरू होण्यापूर्वी कामावर जाणाऱ्यांच्या प्रवासात तिला १५ टक्के वाटा मिळेल असा अधिकृत अंदाज होता, त्यांच्या गटाने ६.३ टक्के सांगितले आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के झाला. पुढे २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पालिकेच्या अधिकाऱ्यांना हे उदाहरण सांगितल्यावर लहान आकडा म्हणजे प्रकल्पाला विरोध, हा समज बराच निवळला.

दुसरा निर्णय सर्वेक्षणाचा. जे साधन लोकांनी वापरलेलेच नाही त्याबद्दल त्यांच्या वागण्याची नोंद कोठून आणणार? म्हणून काल्पनिक पर्यायांची पत्रके दाखवून पसंती विचारली: एवढी प्रतीक्षा, एवढा वेळ, एवढे भाडे, आत सहायक आहे किंवा नाही. वसाहतीत तेव्हा थोडीच कुटुंबे राहायला आली होती, त्यामुळे शहरातल्या तशाच दुसऱ्या वस्तीतील रहिवासी आणि शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी यांनाही विचारावे लागले. दिवसा सहायक असण्या-नसण्याने उत्तरांत फारसा फरक पडला नाही. रात्री मात्र, विशेषतः स्त्रियांच्या उत्तरांत, तो ठळक होता. अनोळखी माणसाबरोबर बंद छोट्या वाहनात बसण्याची ती काळजी होती आणि आम्ही ती मॉडेलमध्ये रात्रीच्या वेळेसाठी वेगळी मांडली.

भाड्याचा प्रश्न मध्येच पालटला. सर्वेक्षणात दर फेरीचे भाडे दाखवले होते. मे २०२३ पासून ४९ युरोचा देशव्यापी मासिक पास सुरू झाला आणि पासधारकाला शटलची पुढची फेरी फुकट पडू लागली. फुकट फेरीमुळे मोटारचालक वळतोच असे नाही. पण ७०० मीटर चालणारा पासधारक, समोर शटल उभी दिसली तर, सहज चढतो. आम्ही भाड्याची गृहीतके बदलून मॉडेल पुन्हा चालवले, तेव्हा प्रवाशांची संख्या वाढली आणि वाढलेले बहुतेक प्रवासी चालणाऱ्यांतून आले.

ताफ्याचा टप्पा

मागणीनुसार धावणाऱ्या सेवेत मागणी आणि ताफा एकमेकांना ठरवतात. वाहने कमी ठेवली की प्रतीक्षा वाढते, लोक दुसरी सोय पाहतात, आणि जे उरतात त्यांना तेवढी वाहने पुरतात. मग अहवालात लिहिता येते की ताफा मागणीला पुरेसा आहे. आकडे खरे असतात, पण सेवा अपुरी असते. आमच्या अनुकरणात हे स्पष्ट दिसले: एकाच वसाहतीत, त्याच माणसांसह, छोट्या ताफ्यानेही हिशेब जुळत होता आणि दुपटीच्या ताफ्यानेही, फक्त प्रवाशांच्या संख्येत मोठे अंतर होते. म्हणून मागणीचा एकच आकडा न देता प्रत्येक ताफ्यासाठी वेगळा पल्ला (किमान ते कमाल प्रवासी) द्यायचा, आणि त्यासोबत किती विनंत्या नाकाराव्या लागतील हेही लिहायचे, असे ठरले.

पालिकेपुढे शेवटी चार आराखडे ठेवले: दिवसभर दर १० मिनिटांनी ठरलेल्या मार्गावर शटल; तीच दर ५ मिनिटांनी; गर्दीच्या वेळी शहरबस आत वळवून बाकीच्या वेळी, म्हणजे दुपारी आणि रात्री, थांब्यांदरम्यान मागणीनुसार शटल; आणि शटल न आणता छत असलेला सायकलतळ, प्रकाशाची सोय असलेली काठावरची पायवाट व स्थानकाकडे सरळ जाणारा पादचारी पूल. चौथा आराखडा विषयाबाहेरचा आहे असे काहींचे म्हणणे होते. तो ठेवण्याचा आग्रह आम्ही सोडला नाही, कारण ज्याच्याशी तुलनाच केलेली नाही असा पर्याय निवडणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे.

कृती

पालिकेने तिसरा आराखडा स्वीकारला आणि चौथ्यातला सायकलतळ व दिवाबत्ती त्यात जोडली. पूल खर्चामुळे मागे राहिला. सकाळ-संध्याकाळचा लोंढा मोठ्या बसने न्यायचा आणि जेथे मोठी बस रिकामी धावली असती त्या वेळा छोट्या शटलने भरायच्या, हा त्यामागचा विचार होता. नगरसभेतील काहींना शटलला गर्दीच्या वेळेतून बाजूला काढणे कमीपणाचे वाटले. त्यांच्यापुढे एका रेल्वेमागे २४ आसनांचा तो साधा हिशेब ठेवला गेला आणि चर्चा तेथे संपली. सुरुवातीला प्रत्येक वाहनात सहायक ठेवायचे ठरले. त्यामुळे चालकाच्या वेतनाची जी बचत अशा सेवांच्या मुळाशी गृहीत असते ती पहिल्या टप्प्यात होणार नव्हती, आणि अहवालात ते पहिल्याच पानावर लिहिले.

परिणाम

सुरुवातीच्या आठवड्यांत लोक केवळ पाहायला आणि मुलांना फिरवायला येत होते. हा ओघ आम्ही मोजणीतून वेगळा ठेवला होता, आणि तो ओसरल्यावर दुपारचे प्रवासी आमच्या पल्ल्याच्या खालच्या टोकाजवळ स्थिरावले. त्यांत वैद्यकीय केंद्रात येणारे वृद्ध लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी ताशी ५ किलोमीटरचा चालण्याचा वेग कधीच खरा नव्हता. मॉडेलमध्ये वयाप्रमाणे वेग बदलला होता, पण केंद्रात येणारे बहुतेक लोक वसाहतीबाहेरचे होते आणि रहिवाशांच्या लोकसंख्येवर बेतलेल्या अनुकरणात त्यांची गणती अपुरी होती.

रात्रीची मागणी अंदाजापेक्षा जास्त निघाली. नवे दिवे लागेपर्यंत काठावरची वाट अंधारी होती आणि सहायक आत असल्यामुळे शटल सुरक्षित वाटत होती. दिवे लागल्यावर ही मागणी थोडी उतरली, आणि ती उतरणे हे पालिकेचे यशच होते.

ज्याने सर्वांत जास्त त्रास दिला ती गोष्ट मॉडेलमध्ये नव्हती. मुख्य रस्त्यावर पार्सल पोहोचवणाऱ्या व्हॅन दुहेरी रांगेत उभ्या राहत. शटल त्यांच्या मागे थांबे, आणि सहायकाने हाताने वाहन बाजूने काढेपर्यंत जागची हलत नसे. यात दर वेळी दोन-तीन मिनिटे जात. सरासरी वेग त्याने फार घटला नाही, पण ७ मिनिटांचा प्रवास कधी ७ तर कधी १३ मिनिटांचा होऊ लागला, आणि ज्यांना पुढे रेल्वे गाठायची होती ते शटल सोडून पुन्हा पायी निघाले. पालिकेने व्हॅनसाठी माल उतरवण्याच्या जागा आखून दिल्यावर नियमितपणा सुधारला. गेलेले प्रवासी मात्र सगळे परतले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

सरासरी वेळेऐवजी वेळेतला चढउतार साधननिवडीच्या सूत्रात घालणे शक्य होते. रेल्वे गाठणाऱ्या प्रवाशाचा निर्णय वाईटातल्या वाईट दिवसावर ठरतो, आणि दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावर एक आठवडा उभे राहून व्हॅनची नोंद केली असती तरी त्या चढउताराचा ढोबळ अंदाज आला असता.

वैद्यकीय केंद्र, शिक्षणसंस्था आणि कार्यालये येथे बाहेरून येणाऱ्यांची वेगळी पाहणी करायला हवी होती. घरोघरच्या पाहणीवर उभ्या असलेल्या मॉडेलला वसाहतीत राहणारे लोक चांगले दिसतात आणि तेथे फक्त दिवसा येणारे कमी दिसतात. सर्वेक्षण उन्हाळ्यात झाले होते, आणि पावसाळी थंडीत सायकलस्वार किती प्रमाणात शटलकडे वळतात याचे गृहीतक त्यामुळे तर्कावरच राहिले.

अ‍ॅपवर ठिकाण शोधून, प्रतीक्षेची वेळ पाहून, विनंती न करताच बाहेर पडलेल्यांची नोंद सेवा सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी ठेवली जाऊ लागली. ती पहिल्या दिवसापासून ठेवण्याची अट करारात असायला हवी, कारण पूर्ण झालेल्या फेऱ्यांवरून फक्त भागलेली मागणी कळते आणि पुढचा ताफा ठरवताना न भागलेली मागणीच लागते.

सर्वांत स्वस्त असूनही राहून गेलेली गोष्ट म्हणजे सेवा सुरू होण्यापूर्वी स्थानकाच्या दारात आणि काठावरच्या वाटेवर पादचारी व सायकलस्वारांची मोजणी. शटलमधल्या प्रवाशांना "पूर्वी कसे जात होता?" असे विचारून जी उत्तरे आली त्यांत चालणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, पण ती आठवणीवर आधारलेली आहेत. दुसऱ्या काठावर हीच सेवा नेण्याचा प्रस्ताव आता पालिकेपुढे आहे, आणि तेथे पादचाऱ्यांची मोजणी सुरू झाली आहे.